दोघींचं पाणी

मी पीस लिली बोलतेय. पांढऱ्या फुलाची, कुंडीतली, घरात ठेवायची. नावात लिली असली तरी खऱ्या लिलीशी माझं काही नातं नाही. आणि ज्याला तुम्ही माझं फूल म्हणता तेही एक पानच आहे, पांढरं झालेलं. खरी फुलं मधल्या खरबरीत दांडीवर असतात, मुंगीच्या डोक्याएवढी. तिकडे कुणी बघत नाही. आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे मागाहून गैरसमज नको.

माझ्या जातीची झाडं मोठ्या जंगलात, उंच झाडांच्या पायाशी, ओलसर सावलीत वाढतात म्हणे. मी काही ते जंगल पाहिलेलं नाही. माझा जन्म काचेच्या बाटलीत झाला. पांढरा कोट घातलेल्या माणसांनी एका झाडाचे बारीक तुकडे केले, ते बाटल्यांमध्ये ठेवले आणि त्या एका झाडाच्या शेकडो आम्ही झालो. मला आई नाही म्हणा, नाहीतर मीच माझी आई म्हणा. मी यावर फार विचार केलेला नाही.

पुढे हिरव्या जाळीखाली आम्ही ओळीने वाढलो. फूल लवकर यावं म्हणून आमच्यावर औषधाचा फवारा मारला गेला. त्यामुळे वय व्हायच्या आधीच मला फुलं आली, चांगली टपोरी. त्या अवतारात मी दुकानात येऊन उभी राहिले.

तिथे एक तरुण आला. कुणाशी तरी भांडून आल्यासारखा घाईत होता. आल्या आल्या त्याने दुकानदाराला विचारलं, "कमी कटकटीचं काय आहे?"

"ही न्या साहेब," दुकानदार म्हणाला. "हिला विचारावं लागत नाही. तहान लागली की स्वतःच मान टाकते. पाणी घातलं की थोड्या वेळात ताठ उभी."

दुकानदार खोटं बोलला नव्हता. पण त्याने अर्धंच सांगितलं होतं. मुळं पाण्यात गुदमरली तरीही मी मान टाकते. बाहेरून दोन्ही अगदी सारखंच दिसतं.

तो तरुण लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. भांडण झालं होतं बायकोशी, आणि मला नेलं ते तिच्यासाठी. घरात शिरून त्याने मला तिच्यासमोर टेबलावर ठेवलं आणि काही न बोलता उभा राहिला.

"हे काय?" ती म्हणाली. "आता तुझ्याऐवजी झाड बोलणार का?"

पण ती हसली. भांडण तेवढ्यापुरतं मिटलं.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं, जुन्या इमारतीत, लिफ्ट नसलेल्या. लिफ्टवाल्याच्या घरी लिफ्ट नाही यावर येणारा प्रत्येक जण एकदा तरी विनोद करायचा. घरात माणसं तीन. त्याची आई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली; तिने आयुष्यभर परक्या माणसांचे फोन एकमेकांना जोडून दिले होते. तिला मी थोरल्या बाई म्हणते. त्याची बायको, म्हणजे माझी धाकटी, दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. तिच्या बोटांना गुलाबी मेणाचा वास असायचा आणि कुणी हसलं की तिची नजर आधी दातांकडे जायची.

सुरुवातीला धाकटीनेच माझं सगळं पाहिलं. आधी तिने मला गॅलरीत ठेवलं, तिथे उन्हाने एक पान करपलं. मग तिने मला हॉलच्या खिडकीपाशी आणलं. तिथे उजेड होता पण ऊन अंगावर येत नव्हतं. नळाच्या पाण्याने माझ्या पानांची टोकं तपकिरी होतात हे तिने कुठेतरी वाचलं, तेव्हापासून ती बादलीत पाणी भरून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी घालायची. सुट्टीच्या दिवशी ओल्या फडक्याने एकेक पान पुसायची. पुसताना खालून हाताचा आधार द्यायची, म्हणजे पान मोडत नाही. कवळ्या हाताळून हाताला ती सवय झाली असावी.

दुकानातली फुलं हिरवी पडली आणि वाळली. पुन्हा काही आलं नाही. फवाऱ्याची फुलं होती ती, तेवढीच यायची होती. नवरा येताजाता बघायचा आणि म्हणायचा, "संपलं वाटतं हिचं." त्यानंतर त्याने माझ्याकडे बघणं सोडलं.

मग त्याला कंपनीने दुसऱ्या शहरात पाठवलं. तिकडे मोठ्या इमारती उठत होत्या. आधी तो दर आठवड्याला यायचा, मग कधीतरी, मग यायच्या आधी फोन करून घरातला रागरंग चाचपून बघायला लागला. याच सुमारास थोरल्या बाई बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर आला. तिसरा मजला त्यांच्यासाठी डोंगरमाथा झाला.

एका दुपारी तो आला आणि बूट न काढता माझ्याजवळच्या खुर्चीत बसला.

"तिकडे एक जण आहे," तो धाकटीला म्हणाला. "मला लपवायचं नाही आता."

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज चालू होता, तो थांबला. धाकटीने विचारलं, "आईंना तू सांगणार की मी सांगू?"

"त्यांनी ऐकलंय," थोरल्या बाई आतून म्हणाल्या.

त्याने कपाटातले कपडे भरले. कुणी अडवलं नाही, कुणी ओरडलं नाही. दार लागलं. माझी माती तेव्हा चांगली ओलसर होती, पानं टवटवीत होती. त्या दिवशी मला काहीच कमी नव्हतं.

यानंतर घरात बोलणं उरलं ते कामापुरतं. "गोळी घेतलीत?" "घेतली." "दूध आणायचंय?" "असू दे." दोघी मूग गिळून वावरत होत्या. मी खिडकीत होते आणि फोनला रेंज फक्त त्या खिडकीतच यायची, त्यामुळे बाकीचं मला आपोआप ऐकू यायचं.

धाकटीने बहिणीला फोनवर सांगितलं, "कशी निघू सांग? आईंना दोन पावलं धड टाकता येत नाहीत. जिना उतरायला लागू देत, मग बघते."

थोरल्या बाईंनी त्यांच्या एक्स्चेंजमधल्या मैत्रिणीला सांगितलं, "तिला जा म्हणायला जीभ रेटत नाही. आणि राहा म्हणू कुठल्या तोंडाने? माझ्याच पोटचा आहे ना तो."

दोन्ही बोलणी माझ्यासमोर झाली. मला ती इकडची तिकडे पोचवता आली नाहीत. ते माझं काम नव्हे आणि ज्यांचं ते आयुष्यभराचं काम होतं, त्या स्वतःच एका टोकाला बसल्या होत्या.

धाकटीने मला पुसणं बंद केलं. एकदा मैत्रीण घरी आली होती, ती म्हणाली, "अगं, छान आहे की गं झाड!" धाकटी फटकन म्हणाली, "त्याने आणलेलं आहे. मरू दे." थोरल्या बाई आतल्या खोलीत होत्या, दार उघडं होतं.

इथून माझ्या हालांना सुरुवात झाली, पण तुम्हाला वाटतं तशी नाही.

मला मरू द्यायला धाकटीला जमेना. पण म्हाताऱ्या सासूसमोर नवऱ्याने आणलेल्या झाडाला पाणी घालायचं, म्हणजे हिचा जीव अजून त्याच्यात अडकलाय असं त्यांना वाटणार. ते तिला नको होतं. म्हणून ती सकाळी लवकर, थोरल्या बाई उठायच्या आत, मगभर पाणी घालून जायची.

थोरल्या बाईंनी "मरू दे" ऐकलं होतं. मुलाने आणलेली घरातली एवढीच वस्तू आता जिवंत होती. पण सुनेसमोर तिची काळजी घेणं म्हणजे मुलाची बाजू घेण्यासारखं झालं असतं. म्हणून सून कामाला गेली की त्या वॉकर ढकलत स्वयंपाकघरात जायच्या, वॉकरच्या पिशवीत पाण्याची बाटली ठेवायच्या आणि दम खात खात माझ्यापर्यंत यायच्या. मग मला पाणी.

मुळांनाही श्वास घ्यावा लागतो, हे माणसांच्या सहसा लक्षात येत नाही. मातीच्या कणांमध्ये हवा असते, ती मुळांना लागते. माझ्या कुंडीत हवेला जागाच उरली नाही. आधी टोकाची मुळं मऊ झाली, मग तपकिरी, मग त्यांची सालं सुटली. कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही. म्हणजे मी पाण्यात उभी होते आणि मला पाणी मिळत नव्हतं. मी मान टाकली.

धाकटीने सकाळी पाहिलं आणि एका मगाऐवजी दोन मग घातले. थोरल्या बाईंनी दुपारी पाहिलं, "काय गं, एवढी तहानलीस?" म्हणाल्या आणि बाटली पूर्ण रिकामी केली. मी आणखी वाकले. पानं पिवळी पडली. मातीला वास यायला लागला, भोवती चिलटं जमली. त्या दोघी जणी जिवापाड जपत होत्या आणि मी दिवसेंदिवस बुडत चालले होते. मला त्यांचा राग आला नाही. झाडाला राग येण्याची सोय नाही.

एका दुपारी लॅबमधली वीज गेली म्हणून धाकटीला लवकर सोडलं. तिने किल्लीने दार उघडलं तेव्हा थोरल्या बाई माझ्याजवळ बाटली उलटी धरून उभ्या होत्या. खालची ताटली केव्हाच भरली होती. पाणी फरशीवर उतरून वॉकरच्या पायांशी आलं होतं. दाराच्या आवाजाने बाई दचकून वळल्या आणि वॉकर सरकला.

"आई, हलू नका!"

धाकटीने पर्स कुठे टाकली कुणास ठाऊक. तिने बाईंना पाठीमागून कवेत धरलं. बाटली गडगडत कोचाखाली गेली. वॉकर आडवा झाला. बाई पडल्या नाहीत. दोघी तशाच काही वेळ पाण्यात उभ्या राहिल्या. मग धाकटीने त्यांना हळूहळू खुर्चीत बसवलं.

"वेडबिड लागलंय का तुम्हाला?" तिचा आवाज चिरकला होता. "पुन्हा हाड मोडलं असतं म्हणजे? काय करत होतात इथे?"

"झाडाला पाणी घालत होते."

"हिला? तुम्ही?"

"रोज घालते," थोरल्या बाई खाली बघत म्हणाल्या. "तू मरू दे म्हणालीस ना."

"अहो, मी रोज सकाळी घालते!"

"कधी?"

"तुम्ही उठायच्या आधी."

थोरल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. धाकटीनेही पाहिलं. मी तेव्हा बघण्यासारखी नव्हते. सगळी पानं कुंडीच्या काठावरून लोंबत होती.

"म्हणजे आपण दोघींनी मिळून हिला..." थोरल्या बाई म्हणाल्या.

"बुडवली," धाकटी म्हणाली आणि तिला हसू फुटलं. थोरल्या बाईही हसायला लागल्या. बऱ्याच दिवसांत त्या घरात कुणी हसलं नव्हतं, त्यामुळे ते लवकर आवरेना. हसता हसता थोरल्या बाईंचा आवाज बदलला.

"त्याची वाट बघतेयस ना गं? म्हणून थांबलीस ना?"

"वाट?" धाकटी फरशी पुसायला बसली होती, ती तशीच थांबली. "छे. मी तुम्ही जिना उतरायची वाट बघतेय. तुम्ही चालायला लागलात की जाईन म्हटलं. पण तुमचा पाय काही सुधारेनाच. व्यायाम रोज करता ना?"

थोरल्या बाईंनी गुडघ्यावरचं लुगडं सारखं केलं. हातातलं फडकं पिळून धाकटी बघत राहिली.

"नाही करत," त्या शेवटी म्हणाल्या. "ती मुलगी येते व्यायाम शिकवायला, तिच्यासमोर करते. ती गेली की नाही करत. पाय बरा झाला की तू जाशील."

 धाकटीने फडकं पुन्हा पिळलं. त्यात आता पाणी नव्हतं.

मग ती उठली, जुने पेपर आणून जमिनीवर पसरले आणि मला कुंडीतून बाहेर काढलं. चिखलाचा गोळा निघाला. "शी! काय वास हा," थोरल्या बाई म्हणाल्या, पण खुर्ची ओढून जवळ आल्या. धाकटीने नळाखाली माझी मुळं धुतली. तिच्या पर्समध्ये मेण कोरायची बारीक सुरी होती, ती स्पिरिटने पुसून घेतली आणि कुजलेलं एकेक मूळ कापून टाकलं. थोरल्या बाई चष्मा लावून दाखवत होत्या, "हे बघ, हे पण मऊ आहे. हे राहू दे, हे पांढरं आहे." पिवळी पानंही कापली. शेवटी मी उरले मूठभर. नारळाच्या काथ्याचा चुरा आणि भुसभुशीत माती भरून मला एका लहान कुंडीत लावलं आणि भिंतीकडच्या सावलीत ठेवलं.

"आता पाणी?" थोरल्या बाईंनी विचारलं.

"आता अजिबात नाही. आणि यापुढे दुसरीला विचारल्याशिवाय कुणी घालायचं नाही."

तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या वेळी हा प्रश्न यायचा. "घालायचं का गं आज?" "बोट घालून बघा. ओलं आहे?" "थोडंसं." "मग नको." सुरुवात माझ्यापासून व्हायची, पण तिथे थांबायची नाही. लॅबमधल्या नव्या साहेबावर जायची, व्यायामावर, वकिलावर, तिच्या माहेरच्यांना काय आणि कधी सांगायचं यावर. एकदा थोरल्या बाईंनी त्यांच्या स्वतःच्या संसारातलं असं काही सांगितलं की धाकटीचा चहा गार झाला. ते मी इथे सांगत नाही, त्यांनी ते तिलाच सांगितलं होतं.

व्यायाम सुरू झाले. मोजायला धाकटी बसायची आणि बाई मध्येच आकडे गाळायच्या. वॉकर गेला, काठी आली. एक दिवस दोघी जिना उतरल्या. परत आल्या तेव्हा थोरल्या बाई घामाघूम झाल्या होत्या आणि रस्त्यावर काय काय बदललंय ते सांगताना थांबत नव्हत्या. त्यानंतर त्या दोघी वरचेवर बाहेर जायला लागल्या.

मला नवी मुळं फुटली. मग कोवळं पान, गुंडाळी उलगडत आलेलं. बऱ्याच काळाने एक कळीही आली. फवारा नाही, काही नाही. फूल लहान होतं, जरा वाकडंही. थोरल्या बाईंनी फोन करून मैत्रिणीला कळवलं.

त्याच फुलाच्या दिवसांत मुलगा परत आला. हातात बॅग होती. दार थोरल्या बाईंनी उघडलं, काठी टेकत.

"तू चालतेस?" तो म्हणाला. मग म्हणाला, "आई, चुकलं माझं. तिकडचं सगळं संपलंय."

"मला काय सांगतोस? मी तुझी आई आहे, तू चुकलास काय आणि नाही काय, आईच राहणार. ती तिथे बसलीय, तिला सांग."

धाकटी टेबलापाशी बसली होती. त्याने तिलाही तेच सांगितलं, जरा लांबवून. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही.

"बस. चहा घे," ती म्हणाली. "मी पुढच्या महिन्यात इथून जातेय. लॅबजवळ दोन खोल्या बघितल्यात. तू येणार म्हणून नाही, आधीच ठरलंय ते."

"आईला एकटं टाकून?"

हे बोलायला नको होतं हे बोलता बोलताच त्याच्या लक्षात आलं असावं. त्याचा चेहरा उतरला.

"खोल्या मीच पसंत केल्यात," थोरल्या बाई म्हणाल्या. "पहिली जागा हिला आवडली होती, पण तिथे उजेड नव्हता. दुसरी चांगली आहे."

त्याने चहा घेतला. त्या रात्रीपासून तो हॉलमध्ये कोचावर झोपायला लागला. वाईट माणूस नव्हता तो. सकाळी दूध आणायचा, आईच्या गोळ्या काढून ठेवायचा. त्याच्याकडे बघताना धाकटीचे डोळे कधीकधी भरायचे, पण सामान बांधणं थांबलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी थोरल्या बाईंनी पुन्हा जुने पेपर पसरले.

"हिला अर्धी घेऊन जा."

"राहू दे आई. त्याने आणली होती."

"आणली असेल. हात लाव, मला एकटीला ओढवत नाही."

दोघींनी दोन बाजूंनी धरून मला अलगद फाडलं. मुळं एकमेकांत गुंतली होती, ती बोटांनी सोडवावी लागली. काही तुटली. अर्धी त्या कुंडीत राहिले, अर्धी नव्या कुंडीत गेले. दोन्ही अर्ध्या स्वतःला मीच म्हणत असणार. तुमच्याशी बोलतेय ती धाकटीकडची.

इथे येऊन मला आता बरेच दिवस झाले. खोल्या लहान आहेत, पण खिडकी मोठी आहे आणि समोरच्या इमारतीच्या भिंतीवरून परतलेला उजेड दिवसभर असतो. धाकटी घरीही थोडं काम आणते. टेबलावर ओळीने दात ठेवलेले असतात. तिकडच्या अर्धीला आता तो मुलगाच बघतो. त्याने पहिल्याच महिन्यात तिला उन्हात ठेवून दोन पानं जाळली, असं थोरल्या बाईंनी सांगितलं. मग शिकला म्हणे.

थोरल्या बाई दर आठवड्याला बसने येतात. खिडकीपाशी बसतात, माझी पानं पुसतात आणि धाकटीला लॅबमधल्या सगळ्यांची खबर विचारतात. कोर्टाचं काम झालं, सह्या झाल्या, त्या आठवड्यातही त्या आल्या होत्या.  धाकटी खुर्चीत झोपून गेली आणि थोरल्या बाई ती उठेपर्यंत थांबल्या.

परवा शेजारीण साखर मागायला आली. तिने विचारलं, "या तुमच्या आई का?"

धाकटी काय सांगावं ते ठरवत होती. थोरल्या बाईंनी पान पुसता पुसता वर न बघता उत्तर दिलं, "आधी सासू होते. आता येते-जाते."

शेजारणीला काही कळलं नाही. ती साखर घेऊन गेली.

माझं म्हणाल तर ठीक चाललंय. खालच्या एका पानाचं टोक तपकिरी झालंय, मधून एक कळी वर येतेय, अजून हिरवीच आहे. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी मान टाकून उभी असेल तर लगेच भांडं घेऊन धावू नका. आज आणखी कुणी घातलंय का, ते घरात एकदा विचारा. माझं मागणं एवढंच.

निरोप घेते असं शेवटी म्हणायची पद्धत आहे. पण मी काही जागची हलणार नाही, तेव्हा निघायचं तुम्हालाच. धाकटी कामावर गेलीय. जाताना दार नुसतं ओढून घ्या. थोरल्या बाई यायच्या आहेत, त्यांच्याकडे किल्ली आहे.